अंगणातली पाखरं आणि आपला कॅमेरा



मागच्या अंकात आपण गच्चीवरच्या कुंड्यांबद्दल बोललो. त्यावर आलेल्या पत्रांत एक विचारणा पुन्हा पुन्हा होती. कुंड्यांवर पाखरं येतात, त्यांचे फोटो काढावेसे वाटतात. पण मोबाइलवर काढलं तर नुसता काळा ठिपका येतो. मग मोठा कॅमेरा घ्यावा लागेल का? फोटो काढल्यावर तो मोबाइलवर किती ‘सुधारावा’?

महिनाही नेमका त्याच विषयाचा आहे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ नोव्हेंबर हा अरण्याविषयी मराठीत आयुष्यभर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. तेव्हा या खेपेला पाखरांच्या फोटोंविषयीच बोलू. पण कॅमेऱ्याच्या गोष्टी सांगण्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढी लक्षात ठेवा.

एक चांगला फोटो आणि रिकामं घरटं

आमच्या अर्धापूरच्या घरामागं डाळिंबाचं एक जुनं झाड आहे. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाला त्यात बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं. वाटीएवढं, कमरेच्या उंचीवर. तीन अंडी, मग तीन पिल्लं. मी तेव्हा नुकताच जुना कॅमेरा विकत घेतला होता. रोज फोटो काढायची, पण मध्ये पानं यायची. एके दिवशी मी दोन फांद्या सुतळीनं बाजूला बांधल्या. तास-दीड तासात मनासारखा फोटो मिळाला. आई चोचीत अळी घेऊन बसलेली, तिन्ही पिल्लांची तोंडं उघडी. घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, पंचवीस-तीस जणांनी ‘माशाअल्लाह’ लिहिलं. त्या आनंदात सुतळी सोडायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरटं रिकामं होतं. सकाळी कुंपणावर एक भारद्वाज फिरताना मी पाहिला होता. त्यानं नेली की कावळ्यानं, हे सांगता येत नाही. पण त्या पिल्लांवरचं पानांचं छत मीच काढलं होतं. ऊन त्यांच्यावर मीच आणलं आणि शिकाऱ्याची नजरही. बुलबुलाची जोडी संध्याकाळपर्यंत तारेवर बसून ओरडत होती. माझ्या सासूबाईंनी, आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणतो, एकच वाक्य विचारलं, “फोटो तुझ्याकडं राहिला, पिल्लं कुठं गेली?”

त्या दिवसापासून मी घरट्याचा फोटो काढत नाही. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. अबू दाऊदमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून तो आलेला आहे. प्रवासात काही साथीदारांनी एका छोट्या पाखराची दोन पिल्लं उचलली. ते पाखरू येऊन पंख पसरून फडफडू लागलं. प्रेषित (स.) आले आणि त्यांनी विचारलं की, हिच्या पिल्लांमुळे हिला कुणी दुःख दिलं, तिची पिल्लं तिला परत करा. हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकलेला. पण पिल्लं हातानं उचलली नाहीत तरी आईला दुःख देता येतं, हे मला डाळिंबाखाली उभं राहून कळलं.

कायदाही हेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपाखरांची अंडी फोडणं आणि अंडी-घरट्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं. पोपट पिंजऱ्यात पाळणं हाही याच कायद्यानं गुन्हा आहे. आणि आता फोटोंच्या अनेक स्पर्धा घरट्यांचे फोटो घेतच नाहीत.

ज्यांनी बसून पाहिलं

सालिम अलींचं नाव आपल्या घरांत आदरानं घेतलं जातं, पण त्यांनी काम कसं केलं हे मुलांना क्वचित सांगितलं जातं. मुंबईच्या खेतवाडीत १८९६ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारायचा. त्यात एकदा गळ्यावर पिवळा डाग असलेली वेगळीच चिमणी पडली. ही कोणती, म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्याला कपाटं उघडून जतन केलेले पक्षी दाखवले आणि त्या मुलाची वाट बदलली.

पुढं १९३० साली ते अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. हातात नोकरी नव्हती. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्यात ते रोज तासन्‌तास तिच्यासमोर बसले. सुगरणीचा नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन ते पारखते, तिला पसंत पडलं तरच संसार सुरू होतो. आणि मादी अंड्यांवर बसली की नर दुसरं घरटं विणायला घेतो, ही सगळी माहिती त्या बसण्यातून आली. आपल्याकडं विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे सगळ्यांनी पाहिलेत. पण किती जणांनी एक तास बसून पाहिलेत?

त्यानंतर १९३१ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पाखरांची पाहणी हाती घेतली. तेव्हा आपला नांदेड जिल्हा निजामाच्या राज्यातच होता. अशा दौऱ्यांत पत्नी तहमिना बेगमही त्यांच्यासोबत तंबूत राहायच्या. त्या काळी शास्त्राच्या कामासाठी पाखरं मारून जतन करावी लागत, आणि ती त्यांनीही केली. आज आपल्याला ती गरज नाही. आपल्या खिशातल्या मोबाइलनं पाखरू जिवंत ठेवून त्याची नोंद करता येते. या सोयीची कदर राखणं आपल्या हातात आहे.

आधी ओळख, मग फोटो

पहिले पंधरा दिवस फोटो काढू नका. फजरनंतर चहाचा कप घेऊन अंगणात बसा आणि कोण येतं ते वहीत लिहा. अर्धापूरच्या कोणत्याही घरामागं दहा-बारा जाती सहज भेटतील: चिमणी, साळुंकी, लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंपी, कोतवाल, होला, सातभाई, तांबट, खंड्या, वेडा राघू. कोण कुठल्या फांदीवर बसतं, किती वाजता येतं, कुठून उडून कुठं जातं, हे कळलं की अर्धा फोटो झाला.

आपल्या भागाला एक देणगी आहे, ती म्हणजे केळी. बाग निसवली की केळीच्या कमळावर शिंजीर येतो. हा अंगठ्याएवढा पक्षी फुलातला मध पितो. विणीच्या काळात नर उन्हात जांभळा-निळा चमकतो, मादी पिवळसर. हिवाळ्याच्या तोंडाला नराचा तो झगझगीत रंग उतरलेला असतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी राहते. म्हणून ‘हा कोणता नवा पक्षी’ असं वाटून गोंधळू नका. घड पुरता सुटला की शेतकरी कमळ मोडून टाकतात. तोवरचे दिवस आपले. कमळापासून बारा-पंधरा फुटांवर बांधाला टेकून बसा. शिंजीर ठरावीक वेळानं त्याच कमळावर परत येतो.

दुसरा पाहुणा हुदहुद. सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान (अ.) यांच्याकडं सबाच्या राणीची खबर घेऊन येणारा तोच. आपल्याकडं त्याला पुष्कळ जण सुतारपक्षी समजतात, कारण चोच लांब आणि डोक्यावर तुरा. पण सुतार झाडाच्या खोडावर चढतो आणि हुदहुद जमिनीवर चालत मातीत चोच खुपसतो. ईदगाहचं मैदान, शाळेचं पटांगण, कब्रस्तानातलं गवत या त्याच्या जागा. तो खाली उतरला की क्षणभर तुरा पंख्यासारखा उघडतो आणि मिटतो. तो क्षण हवा असेल तर तो उतरायच्या आधीच कॅमेरा डोळ्याला लावलेला हवा.

तिसरी जागा नांगरट किंवा पाळी चालू असलेलं शेत. ट्रॅक्टरच्या मागं गायबगळे, साळुंक्या आणि कोतवाल किडे टिपत चालतात. माणूस चालत गेला तर उडणारे हे पक्षी ट्रॅक्टरला मुळीच भीत नाहीत. चालवणाऱ्याला सांगून, लांब बांधावर एका जागी बसून राहिलात तर तेच तुमच्यापर्यंत येतील.

मोबाइल पुरेल का?

पुरेल, पण त्याच्याकडून त्याच्या ताकदीबाहेरचं काम मागू नका. दोन बोटांनी स्क्रीन ताणली की फोटो जवळ येत नाही, नुसता फुटतो. मोबाइलमध्ये दोन किंवा तीन पट जवळ आणणारी वेगळी भिंग असेल तर तेवढीच वापरा. त्यापुढं पाखरालाच जवळ येऊ द्यावं लागतं. त्यासाठी पाणी हा सगळ्यांत चांगला उपाय आहे.

मातीची उथळ थाळी घ्या. पाणी दोन इंचांहून खोल नको, मध्ये एक दगड ठेवा, म्हणजे छोट्या पाखरांना उभं राहता येतं. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात. थाळी झुडपाला लागून ठेवू नका, मांजर दबा धरून बसते. चार-पाच फूट मोकळी जागा हवी. थाळीच्या वर एक वाळकी फांदी रोवा. पाखरं आधी त्या फांदीवर बसून इकडंतिकडं पाहतात, मग पाण्यावर उतरतात. आपला फोटो त्या फांदीवरचा.

आता मोबाइल एखाद्या डब्याला टेकवून किंवा छोट्या स्टँडवर थाळीपासून तीन-चार फुटांवर ठेवा. फांदीवर बोट दाबून धरलं की तिथं फोकस आणि उजेड पक्का होतो. मग आपण घरात जायचं. स्वस्तातलं ब्लूटूथचं बटण मिळतं, त्यानं लांबून फोटो निघतो. तेही नसेल तर व्हिडिओ चालू करून ठेवा आणि नंतर त्यातलं एक चित्र वेगळं काढा. आणि सगळ्यांत आधी ओढणीच्या मऊ टोकानं भिंग पुसा. निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलकट ठशांमुळे येतात.

घरात दुर्बीण असेल तर तिच्या एका डोळ्याला मोबाइलचं भिंग चिकटवून पाहा. हात स्थिर ठेवायला सवय लागते, पण लांबच्या पाखराचा ओळखण्यापुरता फोटो मिळतो.

पुढं खर्च करायची ऐपत आणि हौस दोन्ही असेल, तर सुरुवातीला ब्रिज कॅमेरा बघा. त्याची भिंग बदलावी लागत नाही, झूम भरपूर असतो आणि तो हलका असतो. वापरलेला, चांगल्या स्थितीतला मिळाला तर उत्तम. कर्ज काढून मोठी भिंग घेऊ नका. छंदानं घरात फुरसत आणावी, हप्ते नव्हे.

उजेड, डोळा, मागची बाजू

उजेड सकाळी ऊन वर आल्यापासून दोन तास आणि असरनंतर मगरीबपर्यंत. दुपारचं ऊन वरून पडतं, पाखराचे डोळे काळ्या खड्ड्यांसारखे दिसतात. ऊन आपल्या पाठीशी हवं. सावली पाखराच्या दिशेनं पडली तर समजा जागा बरोबर आहे.

फोकस डोळ्यावर. शेपटी धूसर आली तरी चालते, डोळा धूसर आला तर फोटो गेला. शक्यतो पाखराच्या डोळ्यांच्या उंचीवर या. जमिनीवरच्या हुदहुदासाठी जुनं पोतं अंथरून त्यावर कोपर टेकून बसा.

मागची बाजू नीट पाहा. फांदीच्या मागं लगेच भिंत, वाळत घातलेले कपडे किंवा पाण्याची टाकी असेल तर पाखरू त्यात हरवतं. फांदी आणि मागची झाडी यांत दहा-पंधरा फूट अंतर ठेवलं की मागचं सगळं हिरवं मऊ होतं. आपल्याकडं मागं केळीची बाग असली तर याहून सुंदर पडदा नाही.

कॅमेरा वापरणाऱ्यांसाठी काही आकडे. बसलेल्या छोट्या पाखराला शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नको, सारखी मान हलवणाऱ्याला १/१०००, उडणाऱ्याला १/२०००. आयएसओ आपोआप ठेवा, पण वरची मर्यादा १६०० किंवा ३२०० ठरवून द्या. थोडा दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला फोटो कधीच नाही. एकामागून एक फोटो निघण्याची सोय चालू ठेवा. पांढऱ्या बगळ्याची पिसं उन्हात नुसता पांढरा कागद होतात, तिथं एक्स्पोजर वजा एकपर्यंत खाली आणा. उलट, आकाशाच्या पार्श्वभूमीवरचा कोतवाल कोळशासारखा येतो, तिथं अधिक एकपर्यंत वर न्या.

खिडकीतून काढत असाल तर खोलीतला दिवा बंद करा आणि भिंग काचेला जवळजवळ टेकवा. खिडकीचा पडदा अर्धा ओढला की तुम्ही पाखराला दिसत नाही. ज्या घरांत आई-बहिणींना बाहेर तासभर बसणं जमत नाही, त्यांच्यासाठी ही स्वयंपाकघराची खिडकीच सर्वांत चांगली लपण आहे. माझे निम्मे चांगले फोटो भाजी निवडताना मिळालेत.

कुठं थांबायचं

पाखरू खाणं सोडून तुमच्याकडं पाहू लागलं, मान ताणली, पुन्हा पुन्हा एकच इशाऱ्याचा आवाज काढू लागलं, तर तुम्ही जास्त जवळ आलात. दोन पावलं मागं या. चोचीत अळी धरून एखादं पाखरू फांदीवर नुसतंच बसून राहिलं असेल, तर त्याचं घरटं जवळपास आहे आणि तुमच्यामुळे त्याला आत जाता येत नाही. तिथून लगेच निघायचं. आत पिल्लं उपाशी असतात.

मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा आला, आणि ते भांडायला धावतं. घुबडाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नका. फोटोसाठी पिल्लू हातात घेऊ नका, पानं तोडू नका, फांद्या बांधू नका. दाणे ठेवायचे तर ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी ठेवा. खारं फरसाण आणि बिस्किटं नकोत.

बुखारी शरीफमध्ये आलं आहे की, मुसलमानानं लावलेल्या झाडातून किंवा पेरलेल्या शेतातून माणसानं, जनावरानं किंवा पाखरानं खाल्लं तर ते त्याच्यासाठी सदका ठरतं. दारातलं डाळिंब साळुंकीनं टोचलं की आमच्या अम्मा हेच म्हणतात आणि टोचलेलं फळ झाडावरच राहू देतात. फोटो काढणाऱ्यानं या सदक्यातला पाहुणा हाकलून लावू नये, एवढी तर अपेक्षा आहे.

फोटो आल्यावर: सुधारणा किती?

आधी निवड. शंभर फोटो काढले तर तीन ठेवा. डोळा स्पष्ट नाही, तो फोटो काढून टाका, मोबाइलची जागाही वाचेल. निवडलेल्याची मूळ प्रत तशीच ठेवून दुसऱ्या प्रतीवर काम करा. स्नॅपसीडसारखं फुकट ॲप पुरेसं आहे. क्रम असा ठेवा.

पहिलं, फोटो सरळ करा आणि कडेचं नको ते कापा. पाखरू ज्या दिशेला पाहतं, तिकडं जास्त जागा सोडा. फार कापू नका, फोटो फुटतो.

दुसरं, उजेड. फार उजळ भाग थोडा खाली, सावलीतला भाग थोडा वर. पिसांचे पदर दिसू लागले की थांबा.

तिसरं, रंगाचा तोल. झाडाखाली काढलेल्या फोटोत हिरवी-निळी झाक येते. तिला थोडा उबदारपणा द्या, पण पांढरं ते पांढरं दिसलं पाहिजे.

चौथं, रंगाचा भडकपणा. बहुतेक जण इथंच फसतात. वेडा राघू मुळातच हिरवा आहे, त्याला आणखी हिरवा केला की तो प्लॅस्टिकचा दिसतो. बटण जेवढं सरकवावंसं वाटेल, त्याच्या निम्मंच सरकवा. मग फोन बाजूला ठेवून नमाज पढून या आणि ताज्या डोळ्यांनी पाहा.

पाचवं, दाणेदारपणा कमी करा आणि शेवटी धार द्या. धार द्यायची ती पाखराला, मागच्या झाडीला नाही.

आता खरा प्रश्न. मध्ये आलेली काडी पुसावी का? भिंगावरच्या धुळीचा डाग पुसणं यात काही गैर नाही. पण काडी, तार, दुसरं पाखरू पुसलं तर तसं सांगावं. नव्या फोनमधली काही साधनं धूसर फोटो ‘स्पष्ट’ करतात. ती पुष्कळदा आपल्या मनानं पिसं काढतात. त्या पाखराच्या अंगावर तशी पिसं नसतातच. आकाश बदलणं, दोन फोटो जोडून एका फांदीवर दोन पक्षी बसवणं, हे चित्रकाम म्हणून करा आणि चित्रकाम म्हणूनच दाखवा. ‘मी पाहिलं’ असं म्हणून दाखवलं तर ती खोटी साक्ष झाली.

हे फक्त आपल्यापुरतं नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जगप्रसिद्ध स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. तो लांडगा रानातला नसून पाळलेला, शिकवलेला असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष निघाला आणि २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं गेलं. छायाचित्रकारानं आरोप नाकारला. पण आज त्या फोटोची आठवण निघते ती उडीसाठी नाही, शंकेसाठी.

फोटो जपायचा कसा

प्रत्येक फोटोला तारीख, वेळ आणि जागा लिहा. ‘अर्धापूर, घरामागचं डाळिंब, सकाळी साडेसात’ एवढं पुरतं. नाव माहीत नसेल तर मर्लिन हे ॲप फोटो पाहून नाव सुचवतं, पण ते डोळे झाकून मानू नका, पुस्तकाशी ताडून पाहा. सालिम अलींचं भारतातल्या पाखरांवरचं पुस्तक १९४१ साली निघालं आणि पुढं त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. शाळेच्या ग्रंथालयात एक प्रत असावी, असा हट्ट धरा. ई-बर्डवर नोंद केलीत तर तुमच्या अंगणातला शिंजीर अभ्यासकांच्याही कामी येतो. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पाखरांची मोजणी होते, तीत पंधरा मिनिटं देऊनही भाग घेता येतो. घुबडाची ढोली किंवा दुर्मीळ पाखराच्या घरट्याची जागा मात्र कुठंही टाकू नका.

पत्रांत आणखी एक प्रश्न होता: जिवांचे फोटो काढणं आणि भिंतीवर लावणं योग्य का? यावर आलिमांची मतं वेगवेगळी आहेत. तुमच्या घराचा ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांना विचारा आणि तसं करा. आमच्या घरी फोटो भिंतीवर लावत नाहीत. ते फोनमध्ये आणि मुलांच्या नोंदवहीत आहेत. ज्यांना फोटो नकोच, त्यांच्यासाठी ती वहीही पुरेशी आहे. पाहण्याला आणि शुक्र अदा करण्याला कॅमेरा लागत नाही.

गेल्या वर्षी त्याच डाळिंबात बुलबुल पुन्हा आले. आम्ही मागचं दार तीन आठवडे लावून ठेवलं, कपडे गच्चीवर वाळत घातले. माझ्याकडं त्या घरट्याचा एकही फोटो नाही. खिडकीतून काढलेला एक आहे: पानांची दाटी, त्यातून बाहेर आलेली शेपटी आणि तिच्याखालचा लाल ठिपका. तो मी अम्मांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “पिल्लं उडाली ना?” उडाली होती, अल्हम्दुलिल्लाह. दोन.

या महिन्याचं काम: थाळी, फांदी, वही. १२ नोव्हेंबरपर्यंत अंगणातल्या पाच पाखरांची नावं मुलांना लिहायला लावा. जमलेला एक फोटो तारखेसह आमच्याकडं पाठवा, घरट्याचा सोडून कोणताही. पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, हिवाळ्यात आपल्या तलावांवर येणाऱ्या पाहुण्यांविषयी.

खुदा हाफिज.